लोहाची गोळी आणि चहाचा कप : वर्गातला एक पाठ, घरातली एक सवय



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात तो पडून आहे. आठवड्यातून एकदा आपण मुलांना लोहाची गोळी देतो. लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. गोळी दिली, रजिस्टरवर खूण केली, महिन्याचा अहवाल पाठवला, झालं. मीही कित्येक वर्षं एवढंच करत होते. पोटात गेलेल्या गोळीतलं लोह रक्तापर्यंत पोहोचतं की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तो प्रश्न पडला तो मुलांमुळे. आमच्याकडे गोळी शनिवारी द्यायची पद्धत होती. शनिवारी सकाळची शाळा, परिपाठ झाला की रांगेत उभं करून गोळ्या वाटायच्या. थोड्या वेळाने दोन-चार मुलांना मळमळायचं, एखादं उलटी करायचं. मग पुढच्या शनिवारी तीच मुलं गोळी गालात धरून ठेवायची आणि शाळेच्या मागे थुंकून यायची. एकदा मी चौथीच्या वर्गाला विचारलं, "आज सकाळी काय खाऊन आलात?" अर्ध्याहून जास्त वर्गाचं उत्तर एकच होतं, "चहा." काहींचं "चहा-रोटी." काहींचं "काहीच नाही."

म्हणजे मी गोळी देत होते ती एकतर उपाशीपोटी किंवा नुकत्याच प्यायलेल्या चहावर. उपाशीपोटी घेतली की मळमळ होते आणि चहावर घेतली की गोळीचा बराचसा भाग फुकट जातो. चूक मुलांची नव्हती, गोळीचीही नव्हती. चूक माझ्या वेळापत्रकाची होती. म्हणून हा पाठ लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. खाली दिलेली माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे डॉक्टरांचं काम.

आधी गोळी ओळखूया

आपल्या देशात रक्तक्षयाविरुद्ध लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी साप्ताहिक गोळीची योजना २०१२-१३ मध्ये आली आणि २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाने सगळ्या वयोगटांचा एकत्र कार्यक्रम सुरू झाला. त्यातलं प्रमाण असं आहे :

- ६ महिने ते ५ वर्षं : पातळ औषध, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. त्यात २० मिलिग्रॅम लोह.
- ५ ते ९ वर्षं : गुलाबी गोळी, आठवड्यातून एक. त्यात ४५ मिलिग्रॅम लोह.
- १० ते १९ वर्षं : निळी गोळी, आठवड्यातून एक. त्यात ६० मिलिग्रॅम लोह.
- गरोदर आणि स्तनदा माता : लाल गोळी, रोज एक. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस. त्यात ६० मिलिग्रॅम लोह.

या सगळ्यांत लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिडही असतं. हे प्रमाण रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. ज्यांना रक्तक्षय झालेलाच आहे त्यांचं प्रमाण वेगळं असतं आणि ते डॉक्टर ठरवतात.

आता एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी (६ ते ५९ महिने) रक्तक्षय असलेली मुलं २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ती ६८.९ टक्के झाली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेलं. त्यामागे अन्न, जंत, आजार, लवकरची बाळंतपणं अशी अनेक कारणं आहेत. पण जी गोळी हातात पडते आहे, ती तरी वाया जाऊ नये, एवढं आपल्याला नक्की करता येईल.

वर्गातला प्रयोग : चहाची शाई

हा प्रयोग तिसरीच्या पुढच्या कुठल्याही वर्गात करता येतो. खर्च जवळजवळ नाही. एक सूचना आधीच : सरकारी गोळ्या प्रयोगासाठी वापरू नका, आणि प्रयोगातलं काहीही मुलांना चाखू देऊ नका.

साहित्य : चार-पाच लोखंडी खिळे, अर्धी वाटी व्हिनेगर, काचेचे दोन पारदर्शक ग्लास, बिनदुधाचा कडक कोरा चहा (साखरही नको), एक लिंबू.

कृती :
१. खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका. पाण्याला पिवळसर-तांबूस रंग येईल. म्हणजे खिळ्यातलं थोडं लोह पाण्यात उतरलं.
२. एका ग्लासात साधं पाणी आणि दुसऱ्यात गार झालेला कोरा चहा घ्या.
३. दोन्हींत दोन-दोन चमचे लोहाचं पाणी घाला.
४. पाण्याच्या ग्लासात विशेष काही होत नाही. चहाचा ग्लास मात्र बघता बघता काळा पडतो.
५. आता काळ्या ग्लासात लिंबाचा रस घालत जा. काळा रंग हळूहळू फिका होत जातो.

हा काळा रंग दिसला की वर्गात एकच गलका होतो. मग मुलांना विचारा, "असं काळं आणखी कुठे बघितलंय?" माझ्या वर्गातली उत्तरं मला आवडली. एक म्हणाली, लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळी काळी पडते. दुसरा म्हणाला, कच्चं केळं चिरलं की आईची बोटं काळी होतात. दोन्ही बरोबर. आवळा, कच्चं केळं, हिरडा, चहा हे सगळे चवीला तुरट. हा तुरटपणा ज्या पदार्थामुळे येतो त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोह एकत्र आले की एकमेकांना घट्ट धरतात आणि काळा रंग तयार होतो. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करायचे ती याच तत्त्वावर. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार, आणि लोहाच्या गोळीतही सहसा तोच क्षार असतो.

निष्कर्ष मुलांच्या भाषेत : गोळीवर चहा प्यायलात तर पोटात शाई तयार होते. शाई रक्तात जात नाही. ती शौचावाटे निघून जाते.

मोठ्यांसाठी थोडी भर घालते. पोटातली क्रिया ग्लासातल्यापेक्षा गुंतागुंतीची असते. पण जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. दूध घातल्याने चहा 'चालतो' असं नाही. टॅनिन तिथेच असतं आणि वर दुधातलं कॅल्शियमही येतं.

गोळीचे मित्र आणि गोळीचे अडथळे

मुलांना शिकवताना मी फळ्याचे दोन भाग करते.

मित्र : लिंबू, आवळा, पेरू, कैरी, हिरवी मिरची, टोमॅटो, कोथिंबीर. यांत 'क' जीवनसत्त्व असतं. ते लोहाला विरघळलेल्या आणि शोषता येईल अशा रूपात ठेवतं. इथे वर्गात एक शंका हमखास येते, "बाई, आवळा तर तुरट म्हणून चहाकडे होता ना?" शंका बरोबर आहे. आवळ्यात टॅनिनही असतं. पण त्यात 'क' जीवनसत्त्व इतकं भरपूर असतं की तो मित्रांच्या बाजूला जातो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. लाल मिरची आणि आमचूर ही आपली ओळख. पण उन्हात वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. म्हणून आमचुराने भाजीला आंबटपणा येईल, पण ताज्या कैरीचं काम तो करणार नाही. वाळलेल्या लाल मिरचीचंही तेच. आणि लिंबू भाजी उकळताना नको, ताटात वाढल्यावर पिळायचं, कारण उष्णतेनेही हे जीवनसत्त्व कमी होतं.

अडथळे : चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी, पित्ताची औषधं.

दूध वाईट आहे का? अजिबात नाही. मुलांना दूध हवंच. फक्त लोहाची गोळी दुधाबरोबर नको. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी आतड्यात पोहोचले की लोह कमी शोषलं जातं. आपल्याकडे खाल्ल्या जाणाऱ्या नागलीतही कॅल्शियम भरपूर असतं. म्हणून नागलीची पेज पिऊन लगेच गोळी घेण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवलेलं बरं.

भाकरी आणि डाळीचं काय? ज्वारी, बाजरी, मका, तूर, उडीद यांच्यात फायटेट नावाचा घटक असतो, तोही लोहाला धरून ठेवतो. पण म्हणून भाकरी सोडायची नाही. कडधान्य भिजवून मोड आणले की हा घटक कमी होतो, आणि जेवणात लिंबू असलं की त्याचा अडथळा बराच कमी होतो. मोडाची मटकी आणि वर लिंबू, हा साधा पदार्थ म्हणूनच चांगला.

मग प्रश्न येतो, गोळी उपाशीपोटी घेतली तर शोषण जास्त होईल ना? होईल, पण मळमळ, पोटात दुखणं हेही जास्त होईल, आणि मुलं गोळी थुंकतील. थुंकलेल्या गोळीचं शोषण शून्य. म्हणूनच शाळेत गोळी दुपारच्या पोषण आहारानंतर द्यायची असते. आम्ही शनिवारची सकाळ सोडली. आता आठवड्यातल्या पूर्ण दिवशी, जेवण झाल्यावर, पाण्याबरोबर गोळी देतो. उलटीची तक्रार खूप कमी झाली आहे.

एका आईची गोष्ट

गोळीचा प्रश्न फक्त शाळेचा नाही हे मला पालकसभेत कळलं. दुसरीतल्या एका मुलाची आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून नर्सताई तिला पुन्हा पुन्हा बोलवत होत्या. घरचे म्हणत, गोळ्या खाऊनही उपयोग नाही तर कशाला खायच्या? मी तिला सहज विचारलं, "ताई, गोळी कधी घेता?"

ती म्हणाली, "सकाळी शेतात जायच्या आधी. लाल गोळी, कॅल्शियमची पांढरी गोळी आणि जळजळ होते त्याची गोळी, तिन्ही एकदम. चहाबरोबर घेऊन टाकते, म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नाही."

ती बाई एकही दिवस चुकवत नव्हती. पण लोहाला अडवणाऱ्या तीन गोष्टी ती लोहाच्या सोबतच घेत होती. चहातलं टॅनिन, पांढऱ्या गोळीतलं कॅल्शियम आणि पोटातलं आम्ल कमी करणारं पित्ताचं औषध. लोह शोषलं जायला पोटातलं आम्ल लागतं, ते कमी झालं की लोह कमी शोषलं जातं. तिला गोळ्या देणाऱ्याने वेळ सांगितली असेलही. पण तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या गोळ्या मिळाल्या की घरी पोहोचेपर्यंत त्या एकच मूठ होतात.

मी आशाताईंना आणि नर्सताईंना सांगितलं. त्यांनी तिची वेळ बसवून दिली : कॅल्शियम सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर, लाल गोळी रात्री झोपायच्या आधी, पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तास. जळजळीसाठी डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. गावात तिला अमृत आहार योजनेतलं दुपारचं गरम जेवण मिळत होतं, त्यावर लिंबू पिळायला सांगितलं. पुढच्या तपासणीत आकडा थोडा वर सरकला होता. नुसत्या वेळेमुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. पण "गोळीचा उपयोग नाही" हे वाक्य त्या घरातून गेलं, आणि पुढच्या गोळ्या तिने सोडल्या नाहीत. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

इतर औषधं चालू असतील तर

काही औषधांच्या बाबतीत लोह ते दुसरं औषधच निकामी करू शकतं. घरात आजी-आजोबांची, आई-वडिलांची औषधं एकाच डब्यात असतात, म्हणून हे माहीत हवं.

- थायरॉईडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) : लोहामुळे तिचं शोषण कमी होतं. दोघांत किमान ४ तासांचं अंतर. ही गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात, म्हणून लोह दुपारी किंवा रात्री घेणं सोपं पडतं.
- काही प्रतिजैविकं (डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे) : लोह त्यांना चिकटतं, दोन्ही वाया जातात आणि आजार बरा व्हायला वेळ लागतो. मध्ये किती तास ठेवायचे किंवा तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारा.
- पित्ताची औषधं : पातळ औषध किंवा चघळायची गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. रोज घेण्याची पित्ताची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर अंतर ठेवूनही पूर्ण फरक पडत नाही. ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.
- गरोदरपणातल्या रक्तदाबाचं औषध मिथाइलडोपा : लोहाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं आणि रक्तदाब आटोक्यात राहत नाही. वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- फिट्सची गोळी (फेनिटॉइन) : इथे प्रश्न लोहाचा नाही, जोडीच्या फॉलिक ॲसिडचा आहे. त्याने रक्तातली फेनिटॉइनची पातळी कमी होऊ शकते. वर्गातल्या एखाद्या मुलाला फिट्सची गोळी चालू असेल तर साप्ताहिक गोळी देण्याआधी पालकांमार्फत डॉक्टरांना विचारा. फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नका.

जंतनाशक गोळीचं काय? १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी आपण अल्बेंडाझोल देतो. तिचं आणि लोहाचं भांडण नाही, उलट ती लोहाच्या मदतीला येते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. ते गेले नाहीत तर एका बाजूने लोह भरायचं आणि दुसऱ्या बाजूने गळू द्यायचं, असा प्रकार होतो. अनवाणी शेतात आणि उघड्यावर जाणाऱ्या मुलांना हा धोका जास्त.

ही गोळी सगळ्यांसाठी सारखी नाही

आपल्या भागातल्या शिक्षकांनी हा परिच्छेद सोडू नये. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलचं मूलही फिकट दिसतं, लवकर दमतं, पाय दुखतात म्हणतं. आपल्याला वाटतं, रक्त कमी आहे, लोह द्या. पण तिथे रक्त कमी होण्याचं कारण लोहाची कमतरता नसून तांबड्या पेशी लवकर फुटणं हे असतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या शरीरात तर लोह साठत जातं. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. अशा मुलांना फॉलिक ॲसिड देतात, पण लोह द्यायचं का हे तपासणी करून डॉक्टरच ठरवतात. थॅलेसेमियाच्या मुलांचंही तसंच.

म्हणून ज्या मुलाला सिकलसेलचा आजार आहे किंवा रक्त चढवलेलं आहे, त्याला गोळीच्या रांगेत उभं करण्याआधी आरोग्य पथकाला विचारा. 'वाहक' असणं म्हणजे आजार नव्हे, हेही पालकांना सांगा. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. तपासणी झाली नसेल तर करून घ्या, आणि मुलाचं कार्ड घरी पेटीत ठेवण्याऐवजी त्याची नोंद शाळेतही द्या.

तसंच ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असताना लोहाची गोळी देऊ नका. मूल बरं झालं की पुन्हा सुरू करा. गोळी देण्याआधी रांगेत एकदा नुसतं विचारा, "कोणाला ताप आहे? कोणाला जुलाब?" एक मिनिट लागतं.

गोळीचं घड्याळ : गणिताच्या तासाला

चौथीला घड्याळ आणि वेळेतलं अंतर शिकवताना मी हीच उदाहरणं घेते. मुलं गणित सोडवतात आणि घरी जाऊन सांगतातही.

१. आईने सकाळी ७ वाजता चहा घेतला. ती लोहाची गोळी ७:१५ ला घेते. किती मिनिटांचं अंतर पडलं? पुरेसं आहे का? (१५ मिनिटं. नाही. चहा आणि गोळीत निदान एक तास, जमलं तर दोन तास हवेत.)

२. आजीने थायरॉईडची गोळी सकाळी ६ वाजता घेतली. लोहाची गोळी लवकरात लवकर किती वाजता घेता येईल? (१० वाजता.)

३. शाळेत गोळी दुपारी १:३० ला मिळाली. घरी गेल्यावर ५ वाजता चहा प्यायला तर चालेल का? (साडेतीन तास झाले. चालेल.)

४. काकूने रात्री ८ वाजता जेवणाबरोबर कॅल्शियम घेतलं. लाल गोळी किती वाजल्यानंतर घ्यायची? (१० नंतर.)

यानंतर प्रत्येकाने वहीत एक मोठं घड्याळ काढायचं. घरात चहा कधी होतो, जेवण कधी, कोण कोणती गोळी कधी घेतं, हे त्यावर रंगाने दाखवायचं. चहाला तपकिरी, लोहाला लाल, कॅल्शियमला पांढऱ्याऐवजी निळा. कोणाला कोणता आजार आहे हे मात्र वर्गात मोठ्याने विचारू नका. ती घरची गोष्ट आहे. वही बघताना काही गंभीर दिसलं तर पालकांशी एकट्यात बोला.

पालक नेहमी विचारतात

*गोळीने शौचाला काळं होतं, काही बिघडलं का?* नाही. न शोषलेलं लोह बाहेर पडतं म्हणून रंग काळा होतो. पोटात फार दुखत असेल किंवा शौच डांबरासारखं चिकट होत असेल तर मात्र दाखवा.

*एक आठवडा चुकला, आता दोन गोळ्या देऊ?* नको. एक गोळी घेतल्यावर शरीर काही काळ लोहाचं दार थोडं लावून घेतं, त्यामुळे जास्तीच्या गोळीचा फायदा होत नाही, मळमळ वाढते. पुढच्या ठरल्या दिवशी एकच द्या.

*आम्ही ऊसतोडीला गुजरातला जातो, मग?* जाण्याआधी आशाताई आणि शाळा दोघांना सांगा. गरोदर बाईने आपल्या गोळ्या आणि तपासणीचं कार्ड सोबत न्यावं. फडावर पहाटेपासून चहा होत राहतो, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर तास-दीड तासाने, झोपताना गोळी घेणं सगळ्यात सोपं.

*गोळ्या कुठे ठेवायच्या?* लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, कुलपात असतील तर उत्तम. हे फार गंभीरपणे घ्या. हिशोब करून बघा : लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. १२ किलो वजनाच्या बाळाने ४ गोळ्या खाल्ल्या तर २४० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅम. तिथून विषबाधेचा त्रास सुरू होऊ शकतो. ६० च्या पुढे गेलं तर जीवाला धोका असतो, आणि त्या बाळासाठी ते फक्त १२ गोळ्यांत होतं. गोळी रंगीत आणि गोड असते, लहान मुलं तिला खाऊ समजतात. असं झालं तर घरी उपाय करत बसू नका. उलटी होऊन काही तास बरं वाटल्यासारखं होतं आणि नंतर बिघडतं. रिकामं पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.

शेवटी

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी गोळ्या वाटाल तेव्हा चार प्रश्न विचारून बघा. जेवलात का? ताप-जुलाब आहे का? दुसरं कोणतं औषध चालू आहे का? आणि चहा कधी प्यायलात? पालकहो, तुम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या एकदा ताटात काढा आणि आशाताईंना किंवा नर्सताईंना दाखवून प्रत्येकीची वेळ विचारून घ्या.

माझ्या वर्गातली एक मुलगी परवा सांगत होती, "बाई, मी आजीला म्हटलं गोळीवर चहा पिऊ नको, पोटात शाई होते. आजी म्हणाली, या वयात शाळा शिकवतेस का मला? पण तिने कप खाली ठेवला." पाठ पोहोचला की नाही हे मी आता यावरूनच ओळखते.

प्रयोग करून बघा, तुमच्या वर्गात काय झालं ते जरूर कळवा.